अंगणातला अश्वमारक

आमच्या घरापुढे कुंपणाला लागून लाल कण्हेरीची एक रांग होती. वडिलांनी लावलेली. आईची रोजची पूजा त्या फुलांवर चाले. चार वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या वर्गातील एका मुलाने ओल्या पोत्यात गुंडाळून एक कुत्र्याचे पिल्लू आणून दिले. त्याचे नाव आम्ही मोती ठेवले. मोतीला दात येत होते. चपला, केरसुणी, माझ्या कादंबरीची मुद्रिते, जे दिसेल ते तो चघळी. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, "पिल्लू आणलंस ते बरं केलंस. पण मग ती कण्हेर काढ. मुक्या जिवाला काय कळतंय?"

दोन रविवार खपून मी ती रांग मुळासकट उपटली. मोकळी झालेली जागा डोळ्यांना बरी दिसेना, म्हणून नव्या कादंबरीचे मानधन हाती आले तेव्हा तालुक्याच्या गावाहून एक शोभेचे झाड आणले. अननसासारखे खवल्याखवल्यांचे बुटके खोड, वर मोराच्या पिसाऱ्यासारखी गडद हिरवी पाने. त्याला कोणी सायकस म्हणतात, कोणी सागो पाम. आईने त्याला पाणी घातले, प्रदक्षिणा घातल्यासारखी त्याच्याभोवती फिरून पाहिले आणि विचारले, "याला फूल येतं का?" मी म्हणालो, "नाही, नुसतं शोभेचं आहे." "बरं," म्हणून ती आत गेली.

पुढच्या पावसात एका दुपारी मोतीने त्या झाडाभोवतीची माती उकरली आणि खोडाचा बुंधा मनसोक्त चघळला. संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या. पिल्लेच ती, उलटी करतातच, असे म्हणून आम्ही झोपलो. दुसऱ्या दिवशी त्याने दुधाला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी त्याला सायकलच्या पुढे टोपलीत घालून मी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याचा ओठ वर करून मला हिरड्या दाखवल्या. त्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या होत्या.

"गुरुजी, याचं यकृत गेलंय. काही विषारी खाल्लं का यानं?"

"नाही हो. विषारी म्हणून एक कण्हेर होती, ती मागेच काढून टाकली."

"आणि तिच्या जागी काय लावलं?"

मी सांगितले. डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले. पाचव्या दिवशी पहाटे मोती गेला.

वाचकहो, एका पिल्लाच्या मृत्यूने दिवाळीच्या सणात आपले मन खिन्न करावे हा माझा हेतू नाही. परंतु एक प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून गेला नाही. ज्या झाडाच्या विषाची आईला पक्की खबर होती, ते मी उपटले. आणि ज्याच्याविषयी घरातल्या कोणालाच काही माहीत नव्हते, ते मी पैसे देऊन आणले. हे असे का व्हावे? माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. वनस्पतिशास्त्र मला येत नाही. शाळेत मी मुलांना इतिहास शिकवतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासातच शोधू लागलो, आणि ते मला बहुतेक झाडांच्या नावांत सापडले.

प्रथम कण्हेरीचेच पाहू. संस्कृतात तिला करवीर म्हणतात हे आपल्याला ठाऊक असते. परंतु तिची दुसरी नावे अश्वमारक आणि हयमार अशी आहेत. घोडा मारणारी! ज्या काळी घोडा हे घरातले सर्वांत मोलाचे धन होते, त्या काळी कोणा मोतद्दाराच्या हातून चूक झाली असेल, कोणाचा उमदा घोडा कुंपणाची पाने खाऊन कोसळला असेल, आणि त्या दुःखातून हे नाव निघाले असेल अशी मी कल्पना करतो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूलविषे म्हणून जी आठ नावे सांगितली आहेत, त्यांत अश्वमार आणि गुंजा ही दोन्ही आहेत. पुढच्या वैद्यांनी रुई, थोर, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा या सातांना उपविषे म्हटले. यांतली बहुतेक झाडे आपल्या परसात किंवा बांधावर उभी असतात. वैद्यांनी ती टाकून दिली नाहीत. पण शोधन केल्याशिवाय औषधाला घेऊ नयेत, असा दंडक मात्र घालून दिला. म्हणजे झाड, त्याचे विष आणि ते हाताळण्याची रीत ही तिन्ही आपल्याकडे एकत्र नांदत होती.

हे केवळ आपल्याच देशात होते असे नाही. कण्हेर भूमध्य समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंत पसरलेली आहे. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील घरांच्या भिंतींवर बागांची चित्रे आहेत, त्यांत कण्हेर बहरलेली दिसते. त्याच शतकात डायोस्कोरिडीज नावाच्या ग्रीक वैद्याने औषधी वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, तो पुढे दीड हजार वर्षे युरोपात प्रमाण मानला गेला. त्यात कण्हेरीविषयी स्पष्ट म्हटले आहे, की तिची फुले आणि पाने कुत्री, गाढवे, खेचरे व बहुतेक चतुष्पाद प्राण्यांना मारक आहेत. गंमत अशी, की माणसाला मात्र ती मद्यातून दिल्यास विषारी प्राण्यांच्या दंशावर उपकारक ठरते, असेही त्याने पुढे लिहिले. हे साफ चूक आहे. कण्हेरीतले द्रव्य हृदयाच्या स्नायूंवर काम करते. ठोके मंदावतात, अनियमित होतात आणि अखेर थांबतात. या बाबतीत कुत्र्याचे हृदय आणि माणसाचे हृदय असा भेद ती करीत नाही. डायोस्कोरिडीजचा अर्धा भाग खरा ठरला तो कुत्र्यांच्या जिवावर, असेच म्हणावे लागेल. कुत्री मरताना लोकांनी पाहिली होती.

याच ग्रंथात आणखी एका झाडाचा उल्लेख आहे. त्याचे नाव अपोकुनोन. 'अपो' म्हणजे दूर आणि 'कुओन' म्हणजे कुत्रा. कुत्र्याला दूर ठेवणारे, किंवा ज्यापासून कुत्र्याने दूर राहावे असे ते झाड. त्याची पाने चरबीत मिसळून टाकली तर कुत्री, लांडगे, कोल्हे मरतात असे तो सांगतो. 1789 साली, म्हणजे पॅरिसमध्ये राज्यक्रांतीचा भडका उडाला त्याच वर्षी, जुसिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने वनस्पतींची कुळे पाडली, तेव्हा कण्हेरीच्या कुळाला त्याने याच अपोकुनोनचे नाव दिले. आजही शास्त्रीय पुस्तकांत ते अपोसायनेसी या रूपात आहे. आपल्या अंगणातली तगर, सदाफुली, चाफा, सप्तपर्णी, रुई, इतकेच काय पण उन्हाळ्यात रानात आपण ओंजळीने खातो ती करवंदे, ही सगळी याच कुळातली मंडळी. साऱ्याच घराण्याला एका मारक पुरुषाचे आडनाव लागावे आणि त्यात करवंदासारखी गोड लेकरेही जन्माला यावीत, तसा हा प्रकार आहे.

याच कुळातली पिवळी कण्हेर, आपली बिट्टी. तिच्या कठीण बियांनी आपल्या लहानपणी आपण खेळलो आहोत. ती मूळची इथली नव्हे, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. 1753 साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला सर्बेरा या गटात घातले. सर्बेरस हा ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. आपल्या यमाच्या दारीही चार डोळ्यांची दोन कुत्री आहेतच. ज्याचा घास घेतला असता त्या दारी जावे लागते, ते हे झाड, असा लिनियसचा अभिप्राय. परंतु नावे बदलतात. शास्त्रज्ञांनी पुढे तिला त्या गटातून बाहेर काढले आणि आज तिचे शास्त्रीय नाव कास्काबेला असे आहे. स्पॅनिश भाषेत कास्काबेल म्हणजे घुंगरू. दारावरचा कुत्रा गेला आणि त्या जागी घुंगरू आले! बी मात्र होती तितकीच विषारी राहिली.

नावातला इशारा असा गळून पडण्याची याहून बोलकी उदाहरणे मला पुढे मिळाली. शहरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कुंडीत ठेवतात ती मोठ्या ठिपकेदार पानांची डिफेनबाखिया घ्या. तीही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. वेस्ट इंडीज बेटांवर तिला मुका ऊस अशा अर्थाचे नाव होते. कारण तिचा देठ चावला की त्यातल्या सुईसारख्या असंख्य स्फटिकांनी जीभ व घसा सुजून माणसाची वाचाच बंद होते. तिथले मळेवाले गुलामांना शिक्षा म्हणून ती चावायला लावीत, असा काळा इतिहास त्या नावामागे आहे. पुढे ती युरोपात गेली. व्हिएन्नाच्या शाही उद्यानात डिफेनबाख नावाचे प्रमुख माळी होते, त्यांच्या गौरवार्थ तिचे नवे नामकरण झाले. माळ्याचा गौरव झाला हे चांगलेच. पण मुका ऊस हे नाव ऐकून जो सावध झाला असता, तो डिफेनबाखिया ऐकून कशाने सावध होणार? कुत्र्याच्या पिल्लाने तिचे पान चावले की ते लाळ गाळीत, पंजांनी तोंड ओरबाडीत घरभर फिरते, आणि घरच्यांना कारण कळत नाही.

उलट, आपल्या कळलावीचे पाहा. आगीच्या ज्वाळेसारखी सुंदर फुले येणारी ही वेल. प्रसूतीच्या कळा लावण्याच्या तिच्या गुणावरून तिला हे नाव पडले, आणि दोन माणसांत भांडण लावणाऱ्यालाही आपण कळलाव्या म्हणतो. फुलाला भुलून जो तिचा कंद उकरील, त्याला नावच दटावते. धोतऱ्याचेही तसेच. गोव्यात येऊन स्थायिक झालेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यातच एक ग्रंथ छापवला. त्यात हिंदुस्थानातल्या औषधांविषयीचे संवाद आहेत, आणि एका संवादात धोतऱ्याचीही हकीगत आहे: चाकरमाणसे तो अन्नातून देऊन धन्याचे भान हरपवतात व दागिने घेऊन पसार होतात. गोव्यात पाऊल टाकलेल्या परक्या वैद्याला ही गोष्ट इथल्या लोकांनी सांगितली आणि त्याने ती झाडाबरोबर टिपून घेतली. त्याच पद्धतीने पुढे मलबारच्या डच गव्हर्नराने, फान ऱ्हेडेने, होर्तुस मलबारिकुस हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात आमस्टरडॅमला छापवला. त्याला साह्य करणारे वैद्य होते इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तिघे कोकणी ब्राह्मण. या तिघांचे प्रतिज्ञापत्र नागरी लिपीत त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. झाड कोणते, त्याचे नाव काय, गुण काय, हे त्यांनी आपल्या सहीनिशी सांगितले.

त्यानंतरच्या काळात मात्र झाडे फार वेगाने हिंडू लागली. 1787 साली कलकत्त्याजवळ कंपनी सरकारची वनस्पतिबाग सुरू झाली. पुढच्या शतकाच्या आरंभी तिथे शोभेसाठी आणलेली घाणेरी आज साऱ्या देशाच्या डोंगरांवर पसरली आहे आणि तिच्या पानांनी गुरांची यकृते निकामी होतात. 1829 च्या सुमारास लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टराला असे आढळले, की काचेच्या बंद बरणीत ओल्या मातीवर नेचा आपोआप वाढतो. त्यावरून त्याने काचेच्या पेट्या बनवल्या. 1833 साली अशा दोन पेट्यांतून रोपे इंग्लंडहून थेट सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. मग काय, जगातल्या साऱ्या बागांची अदलाबदल सुरू झाली. त्या पेटीत माती मावत होती, मुळे मावत होती, ओलावा मावत होता. ज्या गावातून रोप निघाले, तिथल्या म्हातारीने त्याविषयी सांगितलेली गोष्ट मात्र तिच्यात मावत नव्हती.

आता मी माझ्या सायकसकडे येतो. ज्या जातीचे झाड मी आणले, ते जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचे. 1775-76 मध्ये जपानात राहून आलेल्या थुनबर्ग या स्वीडिश वैद्याने 1782 साली त्याचे शास्त्रीय नामकरण केले. त्या बेटांवरच्या लोकांना हे झाड नवे नव्हते. त्याच्या खोडात आणि बियांत पीठ आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि ते पीठ कापून, पुन्हापुन्हा धुऊन, आंबवून, वाळवल्याशिवाय खायचे नाही हेही ठाऊक होते. 1920 नंतरच्या दशकात साखरेचे भाव कोसळून ओकिनावा बेटांवर उपासमार झाली, तेव्हा लोक याच झाडावर जगले. ज्यांनी भुकेपोटी घाई केली ते विषबाधेने मेले. तिथे त्या काळाला सोतेत्सु जिगोकु म्हणतात. सोतेत्सु म्हणजे सायकस, जिगोकु म्हणजे नरक. ज्या मुलखाने आपल्या दुर्दशेच्या काळाला या झाडाचे नाव दिले, तिथली कोणतीही आई आपल्या मुलाला ते नुसते शोभेचे म्हणून लावू देईल काय?

आपल्या केरळातही सायकसची एक जात आहे. तिला तिथे ईंत म्हणतात. तिच्या बियांचे पीठ वाळवून, धुऊन खाण्याची रीत तिथल्या डोंगराळ भागात आहे, आणि वर सांगितलेल्या होर्तुस मलबारिकुसमध्येही तिचे वर्णन आहे. ही रीत ज्यांना ठाऊक नव्हती त्यांची कथा कॅप्टन कुकच्या सफरीत वाचायला मिळते. 1770 साली त्याचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर खडकाला लागून दुरुस्तीसाठी थांबले होते. तिथल्या मूळ रहिवाशांच्या चुलींपाशी सायकसच्या बियांची टरफले पडलेली दिसली. ते लोक खातात म्हणजे आपणही खाण्यास हरकत नाही, असे खलाशांना वाटले. खाणाऱ्यांना वांत्यांनी हैराण केले. जहाजावरच्या डुकरांना त्या बिया मिळाल्या, ती आजारी पडली आणि त्यांतली काही मेली. टरफले दिसली होती. त्या बिया कितीतरी दिवस पाण्यात भिजवलेल्या होत्या, हे टरफलांवरून कसे कळावे?

सायकसच्या या विषाला शास्त्रज्ञ सायकासिन म्हणतात. ते पोटात गेल्यावर आतड्यांतले सूक्ष्मजंतू त्याची मोडतोड करतात, आणि त्यातून जे निघते ते यकृताचा घात करते. म्हणूनच पहिल्या दिवशी नुसती उलटी होते आणि घरच्यांना वाटते, निभावले. खरे संकट दोनतीन दिवसांनी हिरड्यांवर पिवळे होऊन उमटते. झाडाचा प्रत्येक भाग विषारी, त्यात बिया सर्वांहून जहरी. आणि अशा झाडाचे बाजारातले नाव काय, तर सागो पाम! सागो म्हणजे साबुदाण्याचे मूळ नाव. साबुदाणा वेगळ्याच झाडांपासून होतो, आणि सायकस ताडामाडाच्या जातीचेही नव्हे. म्हणजे नावाचे दोन्ही शब्द खोटे. घोडा मारणाऱ्या झाडाला पूर्वजांनी अश्वमारक म्हटले. कुत्रा मारणाऱ्या झाडाला बाजाराने उपासाच्या फराळाचे नाव दिले.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. लोकांच्या तोंडचे सगळेच खरे असते असे नाही. नाताळात लाल पानांची पॉइन्सेटिया विकायला येते. 1919 साली हवाई बेटात एक मूल तिचे पान खाऊन मेले, ही वार्ता जगभर पसरली आणि ती प्राणघातक ठरली. पुढे पाहता त्या वार्तेला आधार सापडला नाही. तिच्या चिकाने कुत्र्याचे तोंड चुरचुरते, एखादी उलटी होते, एवढेच. डायोस्कोरिडीज चुकला होता, तशा आज्याही चुकतात. परंतु चुकीची गोष्ट तपासून सुधारता येते. गोष्टच नसेल तर सुधारणार काय?

डॉक्टरांनी त्या दिवशी मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे देतो. कोणाच्या तरी उपयोगी पडतील. कुत्र्याने झाड चघळल्याचे दिसले की त्याला काही होते का याची वाट पाहत बसू नये, त्याच घटकेला डॉक्टर गाठावा. आणि जाताना त्या झाडाची फांदी किंवा बी बरोबर न्यावी, म्हणजे उपचार अंधारात होत नाहीत. घरच्या घरी मीठपाणी पाजून उलटी करवण्याचा उद्योग करू नये. मी पहिल्या संध्याकाळी गेलो असतो तर मोती वाचला असता काय? डॉक्टर म्हणाले, "कदाचित." तो शब्द मी अजून विसरलो नाही.

मोती गेल्यावर मी सायकस कुंपणाजवळून खणून काढला आणि गच्चीवर कुंडीत ठेवला. पुढे शेजारच्या वहिनींनी तो मागितला. त्यांच्या मुलीच्या नव्या घरी हवा होता. मी हो म्हणणार, तोच आई आतून बाहेर आली. "नेताय तर न्या, पण आधी बसा," म्हणाली. तिने त्यांना मोतीची सगळी हकीगत सांगितली, पहिल्या उलटीपासून पिवळ्या हिरड्यांपर्यंत. वहिनींनी विचारले, "काय म्हणता याला?"

आईला सायकस हा शब्द आठवला नाही. ती म्हणाली, "आम्ही याला कुत्रेमार म्हणतो."

मुलीच्या घरी अजून कुत्रे नव्हते, तेव्हा वहिनींनी झाड नेले. परवा ती मुलगी माहेरी आली होती. गच्चीवरच्या इतर कुंड्या पाहताना तिने आपल्या लहानग्याला हाताला धरून मागे ओढले आणि मला विचारले, "मामा, यांतलं कुठलं कुत्रेमार नाही ना?"

या पावसाळ्यात आईच्या पूजेसाठी मी कण्हेरीच्या दोन काड्या परसात, मागच्या भिंतीपाशी लावल्या आहेत. त्या लागल्या आहेत.